कानातला कापूस

माझ्या आयुष्यावर एक सिनेमा निघालेला आहे. त्यात मी शेवटच्या रिळात मरतो. शर्यत संपायला आणि माझं हृदय थांबायला एकच गाठ पडते, नायिका आपलं पदक माझ्या छातीवर ठेवते आणि मागे सनई वाजते. हे सगळं मी बेळगावच्या एका थिएटरात बाल्कनीत बसून जिवंतपणी पाहिलं. मी मेलो तेव्हा माझी बायको शेजारी बसून भाजलेल्या शेंगा खात होती. टरफलं ओच्यात गोळा करत ती म्हणाली, "एवढं ग्वाड तुम्ही घरात कधी बोलला न्हाईसा."

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा' असं पत्र पाठवलं, तेव्हा मला वाटलं, एकदा मेलेल्या माणसानं खरं सांगायला हरकत नाही.

सिनेमा माझा नव्हता, सुजाताचा होता. पण तिच्याकडे यायच्या आधी माझा धंदा सांगायला हवा, कारण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. मी शाळेत ड्रिल मास्तर. आधी निपाणीला आणि नंतर बदली होऊन बेळगावला. पण जिल्ह्यात मला ओळखत ते 'पिस्तूलवाले सर' म्हणून. मी शर्यती सुरू करून देत असे. याला स्टार्टर म्हणतात. शर्यत जिंकणाऱ्याचा फोटो येतो, दुसऱ्याचं नाव येतं, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचं भाषण येतं. सुरू करून देणारा आला होता की नाही, हेही कुणाला आठवत नाही. मात्र त्यानं चूक केली तर वीस वर्षं आठवतं.

पिस्तुलात गोळी नसते. कागदात गुंडाळलेली चिमूटभर दारू असते. दिवाळीत पोरं टिकल्या उडवतात, त्यांचीच ही थोरली भावंडं. आम्हीही त्यांना टिकल्याच म्हणायचो. घोडा दाबला की बार होतो आणि पांढरा धूर निघतो. बार असतो पळणाऱ्यांसाठी आणि धूर असतो घड्याळवाल्यांसाठी. घड्याळं घेतलेले पंच लांब बसतात, त्यांच्यापर्यंत आवाज पोचायला वेळ लागतो. म्हणून त्यांनी कानावर विश्वास ठेवायचा नाही, धूर दिसला की घड्याळ दाबायचं. धूर नीट दिसावा म्हणून माझ्या मागे शाळेचा शिपाई काळा फळा धरून उभा राही, आणि हात नीट दिसावा म्हणून माझ्या उजव्या हातात लाल कापडाची बाही असे. ती बायकोनं शिवली होती. मला धुवायची परवानगी नव्हती, रंग जाईल म्हणून.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण. 'जागेवर, तयार' हे मराठीत म्हटलं की कन्नड शाळांचे मास्तर तक्रार करत, कन्नडमध्ये म्हटलं की आमचे मराठी लोक निवेदन घेऊन येत. शेवटी मी इंग्रजीत हुकूम द्यायला लागलो. ती दोघांनाही सारखीच परकी होती, त्यामुळे शांतता झाली. आमच्याकडे पळणाऱ्याला भाषा नसते, सत्काराला असते.

या धंद्यात नाना प्रकारची माणसं भेटली. एका मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, आमचा मुलगा जरा पुढं वाकला की लगेच बार काढाल का. एका पुढाऱ्यांनी उद्घाटनाचा बार मीच काढणार म्हणून पिस्तूल घेतलं आणि भाषणाच्या भरात मध्येच बार काढला. पोरं चारी दिशांना पळाली. एक लघवीला गेला होता, तो परत येताना तिसरा आला. मी मात्र कधी चुकलो नाही. बेळगावच्या पावसात, चार चार महिने कपडे वाळत नाहीत अशा हवेत, माझी टिकली कधी फुसकी निघाली नाही. बिस्किटाच्या डब्यात तांदूळ घालून त्यात टिकल्या ठेवायचो. घरात साखरेपेक्षा त्या डब्याची काळजी जास्त होती. एवढा अभिमान सांगून ठेवतो, कारण पुढे तो कामाला येणार आहे.

सुजाता मला पहिल्यांदा दिसली ती सत्तरच्या दशकात, निपाणीला, भागातल्या शाळांच्या स्पर्धेत. मुलींची आठशे मीटरची शर्यत. नऊ मुली उभ्या होत्या. मी हुकूम दिला, बार काढला. आठ मुली पळाल्या आणि नववी मातीत पालथी पडली, दोन्ही कानांवर हात दाबून. बघणारे हसायला लागले. मीही हसलो. आता लिहिताना लाज वाटते, पण हसलो. तिच्या नावापुढे 'भाग घेतला नाही' असं लिहायला मी कागद काढला, तेवढ्यात ती उठली. बाकीच्या मुली वळणाच्या पलीकडे गेलेल्या. ती अनवाणी, परकराचा ओचा खोचलेला, एका गुडघ्याला माती. दोन फेऱ्यांत तिनं सहा जणींना मागं टाकलं आणि तिसरी आली. ती मातीत पडून होती तेवढा वेळ मी मनातल्या मनात वजा करून बघितला आणि माझं हसू थांबलं.

संध्याकाळी तिची आई तिला न्यायला आली. भागाबाई तंबाखूच्या वखारीत निवडायला होती, तशीच उठून आली होती, हात कोपरापर्यंत तपकिरी. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं.

"गुर्जी, तिच्या म्होरं बार काडू नगा. तिचा बा खडीच्या खाणीत सुरुंगानं गेला. ही भाकरी घिऊन गेलती."

खाणीत रीत अशी की, सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी एक माणूस लाल फडकं हलवतो आणि ओरडतो. मग सगळ्यांनी पळायचं. त्या दिवशी फडकं हललंच नाही, आधी स्फोट झाला. पोरगी नऊ वर्षांची होती. ती तिथून न थांबता वखारीपर्यंत पळत आली, आणि आईपुढे उभी राहिल्यावर तिला बोलताच येईना. बाप गेला हे तिनं तोंडानं सांगितलंच नाही. आईला ते तिच्याकडे बघून कळलं.

मी पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. ज्या बाईनं बार काढू नका म्हणून सांगितलं होतं, तिलाच मी मुलीला शर्यतीला पाठवा म्हणून सांगत होतो, यावरून ड्रिल मास्तरांची बुद्धी लक्षात यावी. पण मला एक सुचलं होतं. घड्याळवाले पंच ऐकत नाहीत, बघतात. मग पळणारीनं तसं का करू नये? शाळेच्या औषधपेटीतला कापूस मी कागदात बांधून नेला होता. सुजातानं तो कानात घालून बघितला, काढला, पुन्हा घातला आणि विचारलं, सर, तुमची ती लाल बाही असती ना हातात? मी म्हटलं, असते. ती म्हणाली, "मग मी बाहीकडं बघून पळीन. आप्पा सांगायचे, लाल फडकं दिसलं की पळायचं, मागं बघायचं न्हाय."

त्यानंतर मी तिच्या प्रत्येक शर्यतीला नेहमीपेक्षा चार पावलं पुढे उभा राहायला लागलो, तिला हात दिसेल असा. नियमात बसत होतं का? नियमात 'सर्वांना दिसेल असे' एवढंच लिहिलं होतं. मी ते मनापासून पाळलं. कानावरून वेण्या घट्ट बांधल्या की कापूस दिसत नसे. तिनं एकच अट घातली होती, कुणाला सांगायचं नाही, पोरी हसतात. मी शब्द दिला.

सात-आठ वर्षं तो शब्द टिकला. ती जिल्ह्यात पहिली आली, राज्यात आली, बाहेरच्या मैदानांवर परक्या स्टार्टरांचे हात शोधायला शिकली. बेळगावात एका बँकेत तिला नोकरी लागली. भागाबाईनं वखार सोडली. मला सुजाता आधी सर म्हणायची, आणि मग कधीपासून कोण जाणे, अण्णा म्हणायला लागली. मला मुलगी नाही. हे एवढंच लिहितो.

मग सिनेमावाले आले.

ऐंशीनंतरची गोष्ट. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांना सिनेमा काढायची हुक्की आली. त्यांनी जन्मात शर्यत बघितली नव्हती, पण त्यांच्याकडे वखार होती आणि नवी पांढरी मोटार होती, आणि दोन्ही पडद्यावर दिसायला हव्या होत्या. त्यांनी दिग्दर्शक आणला. तो कायम गोल टोपी घालायचा, सावलीतसुद्धा, म्हणून त्याला आपण टोपीवाले म्हणू. सुजाता सुरुवातीला नको म्हणाली. भागाबाईनं तिला तयार केलं. तिचं म्हणणं साधं होतं. खाणीत मेलेल्या माणसाचं नाव कुठं लिहितात? सिनेमात तरी पोरीच्या बापाचं, यल्लाप्पाचं नाव येईल. त्या नावासाठी सुजातानं कागदावर सही केली. मला 'तांत्रिक सल्लागार' केलं. सल्ला कुणी विचारला नाही, पण खुर्ची दिली.

पहिला फटका यल्लाप्पालाच बसला. टोपीवाले खाण बघून आले आणि म्हणाले, भकास दिसते, पडद्यावर सगळं राखाडी येईल. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की खानापूरच्या रानात वाघ असतो. झालं. खाण गेली आणि वाघ आला. आता बापाचं नाव जयसिंग, तो गावाला वाघापासून वाचवतो आणि शिकाऱ्याची गोळी चुकून त्याला लागते. गुंजीच्या पुढे रानात चित्रीकरण ठेवलं. वाघ सर्कशीतला, म्हातारा, त्याला सावली आवडली आणि तो झोपला. डबे वाजवले, मांस दाखवलं. त्यानं एकदा जांभई दिली. तीच पुढे डरकाळी म्हणून वापरली.

मग घर. सुजाताच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. सिनेमातल्या घरात ती नव्हती. तिथं दारात पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन आलं आणि आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी टोपीवाल्यांना म्हटलं की हे घर त्यांचं नाही. ते म्हणाले, सर, प्रेक्षकाला आपलं वाटलं पाहिजे. कुणाला आपलं वाटायचं आणि कुणाला नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. मी खुर्चीत बसून राहिलो. सल्लागार होतो ना.

वखार मात्र खरी घेतली, व्यापाऱ्यांची. आधी ती धुतली, मग रंगवली, मग बायकांना नव्या साड्या वाटल्या. पडद्यावरच्या आईचं काम करणारी बाई तंबाखूच्या ढिगापुढे बसून डोळ्यांतून अखंड पाणी काढत होती. भागाबाई माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. तिचं मत तिनं शांतपणे सांगितलं. "रडती झ्याक. पर तंबाखू निवडताना बाई एकदाबी शिंकली न्हाय."

नायिका मुंबईची होती, स्वभावानं गोड. तिला पळता येत नव्हतं. ताक घुसळावं तसे दोन्ही हात छातीपुढे फिरवत ती चाळीस पावलं जायची आणि आरशात बघायची. मला सांगितलं, हिला शिकवा. मी आठ दिवस शिकवलं. आठ दिवसांनी मलाच ताक घुसळल्यासारखं पळता यायला लागलं.

आता माझ्या पापाकडे येतो. रविवारी दुपारी व्यापाऱ्यांच्या मळ्यात मटणाचं जेवण होतं. टोपीवाले उदास होते. त्यांच्याकडे वाघ होता, आई होती, मोटार होती, पण शेवट नव्हता. मुलगी बाराला भिते इथपर्यंत ठीक, पण भीती जाते कशी, हे त्यांना सापडत नव्हतं. त्यांनी मला आग्रहानं वाढलं, माझ्या अनुभवाची स्तुती केली, जिल्ह्यात तुमच्यासारखा जाणकार नाही म्हणाले. इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. आणि मग ते सहज म्हणाले, खरं तर ती हे कसं करते, ते तुम्हालाही ठाऊक नसेल.

मी सांगितलं. कापूस, बाही, चार पावलं, सगळं. मी दारू पीत नाही. प्यालो असतो तर सबब तरी सांगता आली असती. मी तांबड्या रश्श्यावर आणि स्तुतीवर फुटलो.

टोपीवाल्यांनी हात धुतलाच नाही. तसेच उठून उष्ट्या हातानं त्यांनी मला मिठी मारली. शेवट त्यांना मिळाला होता. नायिका भर मैदानात कानातला कापूस उपटून आभाळात फेकते, बार होतो, आणि ती पळते. मी म्हटलं, पण तिनं कापूस कधी काढलेला नाही. भीती गेलेली नाही, ती भीतीसकट पळते. ते म्हणाले, हे तुम्ही कुणाला सांगू नका, सिनेमा पडेल.

तो प्रसंग बेळगावच्या एका मैदानावर घेतला. पुढच्या गर्दीत खऱ्याखुऱ्या शाळकरी पोरी बसवल्या होत्या. एवढासा कापूस कॅमेऱ्यात दिसेना म्हणून गादीवाल्याकडून पिशवीभर आणला. नायिकेनं कानाशी हात नेला की बाजूचा माणूस तो पंख्यासमोर सोडायचा. आभाळ भरून कापूस उडाला. माझं काम करणाऱ्या नटाच्या हातात लाल बाही नव्हती. नायिकेच्या कपड्याशी रंग जुळत नाही म्हणून ती काढली होती. सुजाताला त्या दिवशी बोलावलं होतं. ती बँकेतून अर्धी रजा घेऊन आली, दोरीच्या मागे उभी राहिली आणि बघत राहिली. मग माझ्याकडे आली.

"ह्यांना कुणी सांगितलं?"

मी माझ्या बुटांकडे बघितलं. तिनं उत्तराची वाट बघितली, ते तिला मिळालं, आणि ती म्हणाली, "बरं, येते सर."

अण्णा नाही, सर. त्यानंतर वर्षभर मी सरच होतो.

सिनेमा बरा चालला. आमच्या भागात तर लोकांनी तो दोनदोनदा बघितला, आपापली गल्ली दिसते का म्हणून. व्यापाऱ्यांची मोटार तीन ठिकाणी दिसली. यल्लाप्पाचं नाव एकदाही आलं नाही. भागाबाई शेवटच्या पाट्या संपेपर्यंत, पडद्यावर पांढरा उजेड राहीपर्यंत बसून होती, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की नावं शेवटी येतात. तिला वाचता येत नव्हतं. सुजातानं तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बेळगावात निवडीच्या स्पर्धा भरल्या. आठशे मीटरमध्ये पहिल्या दोघींना देशपातळीवर जायला मिळणार होतं. सुजाता बावीस-तेवीस वर्षांची. नोकरी, घर, आईचं दुखणं यातून सराव निसटत चालला होता. हीच शेवटची संधी, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. स्टार्टर मी. मी नेहमीप्रमाणे चार पावलं पुढची जागा हेरून ठेवली, बाही चढवली आणि घड्याळवाल्या पंचांच्या टेबलापाशी चहा घेत उभा राहिलो.

तेवढ्यात मुख्य पंच रेषेकडे निघाले. हे एक हसतमुख अधिकारी होते, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलायचे आणि मनानं अगदी चांगले. त्यांनी सिनेमा सहकुटुंब बघितला होता. बार ऐकू नये म्हणून कुणी कान बंद करतं, हे त्याआधी जगातल्या कुठल्याही पंचाच्या मनात आलं नसतं. आता प्रत्येकाच्या आलं होतं. ते सुजातापुढे वाकले, वेणीखाली बघितलं आणि कौतुकानं हसले.

"एनम्मा, अजून कापूस? सिनेमात फेकून दिला की. तगी, तगी, काढ ते."

प्रेक्षकांत शाळांच्या मुली बसल्या होत्या. त्यांनीही सिनेमा बघितलेला. कुणीतरी सुरुवात केली आणि बघता बघता सगळं मैदान टाळ्यांच्या तालावर 'फेक, फेक' म्हणायला लागलं. त्यात वाईट काही नव्हतं. ते सगळे तिच्यावर प्रेमच करत होते. वार्ताहर कॅमेरा घेऊन पुढे आला.

सुजातानं कापूस काढला. फेकला नाही, मुठीत धरला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी निपाणीच्या मातीतून उठताना बघितला होता. मला कळलं की बार झाला की ती पडणार, त्या सगळ्यांसमोर, त्या कॅमेऱ्यासमोर, तेराव्या वर्षी पडली तशी.

पंचांना जाऊन सांगता आलं असतं. काय सांगणार? की साहेब, सिनेमा खोटा आहे, हिला अजून भीती वाटते. म्हणजे तिची तीच गोष्ट पुन्हा एकदा मीच चारचौघांत सांगायची. एकदा सांगून बघितलं होतं.

माझ्या डाव्या हातात अर्धा कप चहा होता आणि उजव्या खिशात टिकल्यांची डबी. मी पाठ फिरवली. सगळ्या टिकल्या चहात ओतल्या, बोटानं ढवळल्या आणि बाहेर काढल्या. आयुष्यात मी चोरी केलेली नाही, पण चोराला कसं वाटत असेल ते मला त्या क्षणी नीट कळलं. बिस्किटाचा डबा आठवला, तांदूळ आठवले. मग पिस्तूल भरलं आणि जाऊन जागेवर उभा राहिलो, चार पावलं पुढे.

हुकूम दिला. सगळ्या मुली वाकल्या. सुजाताचे खांदे कानाला लागले होते. मी घोडा दाबला. टिक. पुन्हा सगळ्यांना सरळ उभं केलं, पुन्हा हुकूम, पुन्हा टिक. तिसऱ्यांदा टिक झाल्यावर मैदान हसायला लागलं. मुख्य पंच लाल होऊन आले, डबी बघितली, टिकल्या बोटानं दाबून बघितल्या. मी म्हटलं, हवा दमट आहे साहेब. दुसऱ्या टिकल्या शिक्षण खात्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या खिशात आणि हेडक्लार्क सदलग्याला लग्नाला. नियमात अशा वेळी हातानं इशारा देऊन शर्यत सुरू करता येते. पंचांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, करा काय ते.

मी लाल बाहीचा हात वर नेला. मैदान गप्प झालं. आणि मी तो झटक्यात खाली आणला.

तिच्याइतकी लवकर कुणीच निघाली नाही. बाकीच्या आवाजाची वाट बघत होत्या. लाल फडकं बघून पळायची सवय तिला एकटीलाच होती. पहिली फेरी ती पुढे होती. दुसऱ्या फेरीत धारवाडकडच्या दोन तरण्या मुलींनी तिला गाठलं, आणि शेवटच्या तीस मीटरमध्ये दोघी पुढे गेल्या. ती तिसरी आली. दोघीच निवडल्या जाणार होत्या.

इथं सिनेमावाल्यानं काय केलं असतं ते तुम्ही मनात करून बघा. मी आहे तसं सांगतोय. ती हरली, पण मातीत पडली नाही.

मला खात्याचं पत्र आलं, साहित्याची योग्य ती काळजी न घेतल्याबद्दल. माझ्या सगळ्या नोकरीतला तो एकच ठपका. जिल्ह्यातले ड्रिल मास्तर पुढे कित्येक वर्षं मला बघून 'टिक, टिक' करायचे. निवृत्तीच्या समारंभात एकानं भाषणातसुद्धा केलं. सगळे हसले. मीही हसलो. सांगण्यासारखं खूप होतं, पण न सांगण्याची सवय मला जरा उशिरा लागली होती, ती मोडवेना.

त्या दिवशी मैदान रिकामं झाल्यावर सुजाता बसथांब्यावर उभी होती, खांद्याला पिशवी, पायांत चपला. भागाबाई बाकावर बसलेली. मी जवळून जाऊ का नको या विचारात असताना सुजातानंच हाक मारून माझी डबी मागितली. मी दिली. तिनं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि वास घेतला. चहात वेलदोडा होता.

झाकण लावून तिनं डबी माझ्या हातात परत दिली. खासबागची बस आली, तिनं आईला हाताला धरून चढवलं, आणि पायरीवर एक पाय ठेवून मागं वळली.

"अण्णा, तुम्ही सांगितलं नसतं तर ह्या भिजवाय लागल्या नसत्या."

बस गेली. मलाही त्याच बसनं जायचं होतं, पण मी चालत घरी निघालो. तिच्या वाक्यातला पहिला शब्द मी त्या दिवशी घरी नेला. बाकीचं वाक्य मात्र अजून दर दिवाळीला, पहिली टिकली वाजली की ऐकू येतं.